पाकटाचं म्यान

लोक सुरी आधी बघतात की म्यान, हे थोरल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. गिऱ्हाईक दुकानात येई, म्यानासकट सुरी हातात घेई, सर्रकन बाहेर ओढी आणि रिकामं म्यान न बघताच फळीवर टाकून देई. मग पातं उजेडात धरून वाहवा सुरू. पातं धाकट्या भावानं घडवलेलं असे आणि फळीवर उपडं पडलेलं म्यान थोरल्यानं शिवलेलं. हे तो वर्षानुवर्षं बघत होता, आणि दर वेळी त्याच्या पोटात नव्यानं दुखत होतं. जुन्या दुखण्याची सवय होते म्हणतात. म्हणणाऱ्यांना भाऊ नसावा.

दुकान बापाचं. पुढे विक्रीची खोली, मागे कामाची, वर राहायच्या खोल्या. बाप पातंही घडवायचा आणि म्यानही शिवायचा. पोरं मोठी झाली तेव्हा त्यानं कामं वाटून दिली. धाकटा डावखुरा. बाप म्हणाला, डाव्या हातानं घडवलेल्या पात्याची ऐट काही वेगळीच असते. खरंखोटं बापालाच ठाऊक. पण त्या एका वाक्यापायी धार लावायचं चाक उचलून खिडकीखाली गेलं, ऐरण फिरली, हत्यारांचे खिळे उपटून दुसऱ्या भिंतीला ठोकले गेले, आणि आजवर खिडकीत बसून शिवणारा थोरला कोपऱ्यात दिव्याखाली गेला. एका पोराच्या डाव्या हातासाठी बापानं अख्खी खोली फिरवली. दुसऱ्याच्या उजव्या हातासाठी साधं स्टूलही कधी सरकवलं नाही. बाप जाऊन कैक वर्षं झाली, तरी थोरल्यानं हे मनातून जाऊ दिलं नव्हतं.

पुढे गल्ली धाकट्याला 'कारागीर' म्हणायला लागली. मग थोरला कोण? तर 'कारागिराचा भाऊ'. वयानं मोठा हा, आणि ओळख मात्र धाकट्याच्या नावावर उधार आणलेली. त्यात धाकटा स्वभावानं गोड. घमेंडखोर असता तर निदान चार शिव्या हासडता आल्या असत्या. पण हा उंचाडा, लांबलचक हातांचा, सदा हसतमुख माणूस गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचा, म्यानही बघा, दादाचं आहे. गिऱ्हाईक 'हो का, छान' म्हणून परत पात्याकडे वळायचं. थोरल्याला ते वाटीतलं उष्टं पुढे सरकवल्यासारखं वाटायचं. धाकट्यानं लग्न केलं नव्हतं, जेवायला तो थोरल्याकडेच असे. बायकोनं दिराला जरा आग्रह केला तरी नवऱ्याचा घास अडायचा.

सगळ्यांत जास्त खुपायचं ते एक फडकं. धाकट्याची स्वतःची सुरी, त्यानं आयुष्यात घडवलेली पहिली, जुन्या फडक्यात गुंडाळून, वरून सुतळी बांधून चाकाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे. रोजच्या कामाला तो तीच वापरी आणि काम झालं की पुन्हा गुंडाळून ठेवी. जगाच्या सुऱ्यांना म्यानं शिवणारा भाऊ चार हातांवर बसलेला, आणि हा फडकं गुंडाळतो. म्हणजे माझ्या कामाची याच्या लेखी फडक्याइतकीही किंमत नाही, असं थोरल्यानं ठरवून टाकलं होतं. धाकट्याला विचारलं मात्र कधी नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग रुसायला काय उरलं असतं?

अशा या माणसाच्या दारात एक दिवस तबेलेवाल्या बाई आल्या. शहराबाहेर त्यांचे घोडे होते. बुटक्या, ठणठणीत, माणसांशीही घोड्यांना दटावल्यासारखं बोलायच्या. धाकट्यानं पुढे होऊन त्यांच्यासमोर सुऱ्या मांडल्या. बाईंनी त्या हातानं बाजूला सारल्या. शेजारच्या तबेल्यातल्या माणसाच्या कमरेला त्यांनी एक म्यान पाहिलं होतं. चिखलात, पाण्यात, घोड्याच्या घामात वर्षानुवर्षं वापरून त्याचा एक टाकाही उसवला नव्हता. ते ज्यानं शिवलं तो माणूस कुठाय, असं त्यांनी विचारलं.

थोरला कोपऱ्यातून उठून आला. हाताला दोऱ्याचं मेण तसंच होतं.

"मला म्यान हवंय," बाई म्हणाल्या. "साधं नको. प्रदर्शनात घोडे घेऊन उतरते तेव्हा कमरेला शोभेल असं, वेगळ्या कातड्याचं. कातडं तुमच्या पसंतीनं घ्या. आत सुरी कुठलीही चालेल."

कुठलीही चालेल. थोरल्याला वाटलं, हे शब्द दाराच्या चौकटीवर कोरून घ्यावेत. त्यानं चोरून धाकट्याकडे पाहिलं. धाकटा खूश दिसत होता. दादाला काम मिळालं म्हणून खूश! ते बघून थोरल्याचा आनंद निम्मा झाला.

दुसऱ्याच दिवशी तो कातडीवाल्याकडे गेला. कातडीवाला टकला आणि बडबड्या. त्याच्या दुकानात साध्या जाड कातड्याचे गठ्ठे पुढे असत, आणि लांबलांबून आलेली महागाची कातडी मागच्या खोलीत. एवढ्या वर्षांत थोरल्यानं त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आज थेट आत शिरला. कातडीवाल्यानं भुवया वर केल्या, सगळी पाळलेल्या जनावरांची आहेत, कागद आहेत, असं न विचारताच सांगून टाकलं आणि एकेक गुंडाळी सोडायला घेतली.

आधी अजगर. नक्षी अशी की नजर हलू नये. थोरल्यानं खवल्यांवरून उलट्या दिशेनं नख फिरवलं, खवले उभे राहिले. घोड्याचे दोर घासले की दोन महिन्यांत पार पिंजून जाईल, म्हणाला, ठेवा. मग मगर, पोटाकडची, चौकोन चौकोन. शोभली असती, पण मगर बघितली की लोकांना श्रीमंत बायकांच्या पर्सा आठवतात. शहामृगाच्या अंगाचं कातडं मऊसूत, पण पिसं उपटलेल्या जागी फोड आल्यासारखं, ते त्याला पाहवेना. मग शहामृगाच्या पायाचं कातडं हातात आलं आणि तो थबकला. वर रुंद, खाली निमुळतं, मधोमध मोठ्या खवल्यांची एक सरळ ओळ. मापही म्यानाचं, आकारही म्यानाचा. सुई जाईल, ओलं करून दाबलं की वळण घेईल. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच उचललं असतं आणि घर गाठलं असतं.

तेवढ्यात थोरल्याला भिंतीला टेकून उभं असलेलं काळं, पत्र्यासारखं ताठ काहीतरी दिसलं. ते पाकट माशाचं कातडं होतं. मोहरीएवढ्या काळ्याभोर मण्यांनी गच्च मढवलेलं, आणि मध्यावर टपोऱ्या पांढऱ्या मण्यांची एक रेघ. कातडीवाला म्हणाला, त्याच्या नादी लागू नका. ते मणी हाडासारखे असतात. सुई शिरत नाही, आरी मोडते, आणि कापायला घ्याल तर सुरीची धार जाईल.

"धार जाते?" थोरल्यानं विचारलं.

"कुठल्याही सुरीची."

थोरल्यानं खिशातली सुरी काढली. ती धाकट्यानंच घडवलेली, दुसऱ्या कुणाची असणार! दाबून कातड्यावरून ओढली. कातड्यावर ओरखडाही उठला नाही. मग पात्यावर अंगठा फिरवला. ज्या धारेचे गल्लीभर गोडवे गायले जात, ती एका माशापुढे बोथट झाली होती. थोरल्याचा चेहरा उजळला. कातडीवाल्याला वाटलं, गिऱ्हाइकाला माल आवडला. एका माशाला रेघ एकच असते, म्यान एकच निघेल, कापताना सांभाळा, असं त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं. थोरल्यानं कातडं काखेत मारलं आणि निघाला.

घरी बायकोनं ते कातडं उलटसुलट करून पाहिलं. तिला विचारल्याशिवाय राहवेना.

"आत कुठलीही सुरी चालेल म्हटलंय ना बाईंनी? मग वर एवढं कशाला? नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"होऊ दे. नाकानं आजवर पुष्कळ मिरवलं."

बायकोनं कातडं गुंडाळून परत दिलं. दिराचं नाक आणि नवऱ्याचं पोट, दोन्ही तिच्या पुरत्या ओळखीची होती.

म्यान शिवायला सुरी लागतेच. आतलं साधं कातडं ओलं करून सुरीवरच दाबून बसवायचं असतं. थोरल्यानं धाकट्याकडे सुरी मागितली. कशी हवी, असं धाकट्यानं विचारलं, तर हा म्हणाला, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी. दुसरा कुणी चिडला असता. धाकटा हसला आणि रोजच्या वापराच्या सुऱ्या तो ज्या मापानं करायचा त्याच मापाची एक काढून त्यानं हातावर ठेवली. त्याची फडक्यातली सुरीही त्याच मापाची होती, आजवरच्या सगळ्या साध्या सुऱ्या तिच्यावरूनच बेतलेल्या.

आता बापाची एक शिकवण सांगायला हवी. म्यान सुरीचं नसतं, माणसाचं असतं, असं तो म्हणायचा. कागदावर पहिली रेघ मारायच्या आधी डोळे मिटायचे आणि ज्याच्या कमरेला ते जायचं तो माणूस समोर उभा करायचा. तो केवढा आहे, त्याचा हात कुठवर पोचतो, तो वाकतो कसा. माणूस नीट उभा राहिला की माप आपोआप येतं. टेप लावणाऱ्या म्यानवाल्याला बाप शिंपी म्हणायचा. थोरल्यानं त्या शिकवणीवर आयुष्य काढलं होतं आणि एकदाही त्याचा अंदाज चुकला नव्हता.

त्या सकाळीही त्यानं डोळे मिटले. बाई आल्या, समोर उभ्या राहिल्या, दटावणीच्या सुरात काहीतरी म्हणाल्याही. पण त्यांच्या मागे, दारात, धाकटा दिसायला लागला. म्यान तयार झाल्यावर हा कसा बघेल? तोंड पडेल. ते लांब हात नुसते लोंबकळत राहतील. गल्ली पहिल्यांदाच त्याच्या पात्याकडे पाठ फिरवेल, आणि तो असाच उभा राहील, असाच, खांदे पाडून. थोरला ते चित्र चवीनं बघत राहिला. बघता बघता धाकटा पुढे आला, बाई कुठे गेल्या त्या कळलंही नाही, आणि थोरल्याची पेन्सिल कागदावर चालायला लागली.

मग काम सुरू झालं. कातडीवाला खोटं बोलला नव्हता. कडेचे मणी झिजवल्याशिवाय टाका घालणं अशक्य होतं. धाकट्यानं लांबून एकदा पाहिलं आणि म्हणाला, दादा, चाकावर धर की, चुटकीसरशी होईल. थोरल्यानं नको म्हटलं. ज्या चाकानं आपली खिडकी खाल्ली त्या चाकाचे उपकार घ्यायचे? तो कानस घेऊन बसला. दिवसचे दिवस घासत राहिला. बोटांची सालटी निघाली, पांढरी पूड भुवयांवर बसली, बायकोनं नाक दाबून घर झाडलं. टाक्याचं एकेक भोक त्यानं बारीक गिरमिटानं पाडलं. आणि धाकटा जवळून गेला की हातातलं काम फडक्याखाली झाकायचा. म्यान त्याला तयार झाल्यावरच दिसलं पाहिजे, आधी नाही. धाकट्यानं आधी एकदा जरी बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण हेवा करणारा माणूस राखण फार चोख करतो.

म्यान झालं. काळंभोर, मधोमध मुठीखालून टोकापर्यंत पांढरी रेघ, कडेनं एकसारखे टाके, वर पट्ट्यात ओवायचा लांब बंद. प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी असा जुळला की शंकेला जागाच राहिली नाही. कागदावरची पहिली रेघ जिथे नेईल तिथेच बाकीच्या साऱ्या रेघा गेल्या होत्या.

ठरल्या दिवशी बाई आल्या. थोरल्यानं सुरी आत घालून म्यान फळीवर ठेवलं. बायको जिन्यात येऊन थांबली. धाकटा मागच्या दारात हात पुसत उभा राहिला. बाईंनी म्यान उचललं आणि सुरी ओढलीच नाही. पांढऱ्या रेघेवरून बोट वरपासून खालपर्यंत नेलं, टाके उजेडात धरले, म्यान उलटं करून झटकलं. सुरी जागची हलली नाही. असं काम मी कुठे पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्या उगाच स्तुती करणाऱ्यांपैकी नव्हत्या. थोरल्यानं हळूच मान वळवून धाकट्याकडे पाहिलं. इतके दिवस मनात घोळवलेलं ते पडलेलं तोंड तिथे नव्हतं. धाकटा टक लावून म्यानाकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळाला एक बारीकशी आठी होती.

बाईंनी पट्टा ओवला, म्यान उजव्या कमरेला सरकवलं आणि हात खाली नेला. हात मुठीपर्यंत पोचेना. त्या थोड्या वाकल्या. मूठ हाताशी आली तर सुरीची धार मागच्या बाजूला. त्यांनी म्यान काढून डाव्या कमरेला लावलं. धार पुढे आली, मूठ मात्र हातापेक्षा खालीच राहिली. बाईंनी मान हलवली.

"हे डावखुऱ्या माणसाचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता, कोडं सोडवल्यासारखा होता. "आणि माझ्याहून चांगल्याच उंच माणसाचं. कुणासाठी केलंत?"

थोरल्यानं म्यान हातात घेतलं. डोळे मिटायची गरज नव्हती. त्या सकाळी समोर कोण उभं होतं ते त्याला लख्ख दिसलं. ज्याला खाली बघायला लावण्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचंच माप हातानं घेतलं होतं. कातडं संपलेलं, रेघ एकच. आयुष्यात पहिल्यांदा सुरीला कुणी विचारलं नाही, आणि तेही म्यान चुकीच्या कमरेचं निघालं. 'चूक झाली' हे दोन शब्द त्याच्या ओठांशी आले.

त्याआधी धाकटा पुढे झाला. त्यानं भावाच्या हातातून म्यान घेतलं, आपल्या पट्ट्यात ओवलं, डाव्या कमरेला नेलं आणि हात नुसता सोडून दिला. तो लांबलचक हात सरळ खाली गेला आणि मुठीवर येऊन थांबला. मग तो मागच्या खोलीत गेला, खिळ्यावरचं फडकं घेऊन आला आणि सुतळी सोडली. बाईंची सुरी काढून त्यानं फळीवर ठेवली, स्वतःची म्यानात सरकवली. टक् असा आवाज होऊन ती बसली.

"दादा," तो म्हणाला. "बाबा म्हणायचे, म्यान मागून घ्यायचं नसतं. करणाऱ्यानं माणूस उभा करायचा असतो. तू मला कधी उभा करतोस त्याची वाट बघत होतो. तोवर फडकं होतंच."

बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होत्या. मग धाकट्याला म्हणाल्या, नशीबवान आहात. थोरल्याला त्यांनी सांगितलं की आपल्याला घाई नाही, दुसरं करा, एवढं अवघड नको, पण या वेळी मला नीट बघून घ्या. थोरल्यानं शहामृगाच्या पायाचं कातडं सुचवलं. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

दुकानात तिघं उरली. खरं काय ते थोरल्याखेरीज जिन्यात उभ्या असलेल्या बायकोला एकटीला कळलं होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. आता हा काय बोलतो यावर त्या घराचं पुढचं सगळं जेवणखाण अवलंबून होतं, हे तिला ठाऊक होतं. थोरल्यानं फळीवरची बाईंची सुरी उचलून बाजूला ठेवली. सांगावं, की तुझ्यासाठी नव्हतं रे, तुझं तोंड पडावं म्हणून होतं? धाकटा फडक्याची घडी घालत उभा होता, आता काही उपयोग नसलेल्या फडक्याची.

"पट्टा एक भोक सैल ठेव," थोरला म्हणाला. "जेवल्यावर काचेल."

संध्याकाळी धाकटा म्यान लावून गल्लीत गेला. थोरला दुकानाच्या दारात उभा राहून बघत होता. चहावाल्यानं त्याला थांबवलं, मग न्हाव्यानं, मग दोन जण रस्ता ओलांडून आले. माणसं वाकून वाकून कमरेकडे बघत होती, काळ्या मण्यांवरून बोटं फिरवत होती. सुरी ओढून बघायचं एकालाही सुचलं नाही. "दादानं केलं," धाकटा प्रत्येकाला सांगत होता, "माझ्यासाठी." दोघातिघांनी वळून दाराकडे पाहिलं आणि थोरल्याला हात केला. जन्मभर जे हवं होतं ते घडत होतं, अगदी जसंच्या तसं.

आणि तरी त्याच्या पोटात दुखलं. पात्याचं नव्हे, कौतुकाचं नव्हे, गेलेल्या खिडकीचंसुद्धा नव्हे. मागितल्याशिवाय, माप घेतल्याशिवाय, बोटांची सालटी काढून एवढं करणारा थोरला भाऊ धाकट्याला होता. त्याला स्वतःला असा कुणी नव्हता.